हसलीस तर क्रेडिट गेलं

निखत लाइव्ह होती आणि साहेब हरवले होते.

'हरवलं-सापडलं' हा आमच्या रेडिओचा सकाळचा कार्यक्रम. आसपासच्या गावांतले लोक फोन करून काय हरवलं ते सांगतात आणि आम्ही ते वाचून दाखवतो. छत्री, बैल, मोबाइल, आधार कार्डाची पिशवी, काहीही. त्या दिवशी सुमनबाई नावाच्या एका बाईंचा बोकड हरवला होता. बोकडाचं नाव साहेब. आमचे तंत्रज्ञ आत्राम भाऊ यांनी फोनवर ऐकलं तसं कागदावर उतरवलं आणि तो कागद दार हळूच उघडून निखतच्या हातात दिला. निखतनं तो आधी मनात वाचून पाहायला हवा होता. ती थेट माइकमध्ये वाचायला लागली.

"श्रोतेहो, एक सूचना. साहेब काल दुपारपासून घरी परतलेले नाहीत. साहेबांचा रंग काळा आहे. डाव्या कानाचा तुकडा पडलेला आहे. साहेब स्वभावानं तापट आहेत. त्यांच्या समोरून जाऊ नये..."

इथे ती थांबली. स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे माझ्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जाता जाता राहिला.

"साहेब दिसल्यास त्यांना... त्यांना पाला दाखवून... दोरीनं..."

आणि ते हसू आलं.

निखतचं हसू तुम्ही ऐकलेलं नाही, म्हणून सांगते. बंद पडलेली हापशी पुन्हा सुरू करताना आधी नुसती हवा येते, दांडा कुरकुरतो, आणि मग एकदम भसकन पाणी येतं. तसं ते हसू. एकदा आलं की घागर भरल्याशिवाय थांबत नाही.

अशा वेळी तंत्रज्ञानं फेडर खाली ओढायचा असतो. फेडर म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ. फेडर खाली, गाणं वर, संपलं. पण आत्राम भाऊ टेबलाखाली बसून स्वतःच पोट धरून हसत होते. त्यामुळे निखतचं ते हसू सुरुवातीपासून शेवटापर्यंत आमच्या धानोऱ्याच्या आसपासच्या सगळ्या गावांत ऐकू गेलं.

कार्यक्रम संपायच्या आत फोन वाजायला लागला. मी घाबरतच उचलला.

"बाई, ते हासणारी पोरगी उद्या बी हाय का?"

दुसरा फोन सुमनबाईंचाच. साहेब सापडले होते. ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसलेले होते.

"बोकडाचं नाव साहेब काऊन ठेवलं हो?" मी विचारलं.

"दिवसभर काई काम करत नाई," सुमनबाई म्हणाल्या, "अन् जवळ गेलं का शिंग दाखवते."

मी फोन ठेवला आणि मग मीही टेबलावर डोकं टेकून हसले.

मी या केंद्राची प्रमुख. नाव संघमित्रा खोब्रागडे, पण गावांत सगळे मित्राबाई म्हणतात. आधी चंद्रपूरला वर्तमानपत्रात होते, मग इथे आले. आमचा रेडिओ सामुदायिक आहे. म्हणजे लहान टॉवर, थोडी गावं, आणि त्या गावांच्याच कामाच्या गोष्टी. हवामान, लसीकरण, तेंदूपत्त्याची तोडणी कधी सुरू होणार, कोणत्या रस्त्यावर रानहत्ती आलेत, मधे गाणी. मराठीत आणि गोंडीत.

निखत शेख आमच्याकडे इंटर्न म्हणून आली होती. राजुऱ्याची पोरगी. अब्बांचं गादी-रजईचं दुकान. चंद्रपूरच्या एका कॉलेजात जनसंवादाच्या शेवटच्या वर्षाला होती. आली त्या दिवशी मी तिला विचारलं, "चंद्रपूर सोडून इतक्या दूर काऊन आली?"

"मॅडम, शहरातल्या ऑफिसात माह्या मैत्रिणी फोटोकॉपी काढून राह्यल्या," ती म्हणाली. "इथी तुम्ही माइक देता असं ऐकलं."

मी माइक दिला. पोरगी कामाची निघाली. प्रश्न चांगले विचारायची, रेकॉर्डिंग स्वच्छ कापायची, म्हाताऱ्या बायांशी पाच मिनिटांत नातं जोडायची. फक्त हसू. ते आलं की तिच्या हातात काही राहत नसे.

आता क्रेडिटचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला ठरलेले क्रेडिट असतात. सगळे जमले तरच पदवी. निखतच्या इंटर्नशिपला चार क्रेडिट होते. अर्धे गुण मी द्यायचे, कारण मी तिची मेंटर. अर्धे कॉलेजच्या प्राध्यापकांनी येऊन, काम पाहून द्यायचे. दोन्हींकडे पास व्हावं लागतं. आणि निखतला नागपूरला एम.ए.ची जागा मिळालेली होती, पण पदवीचा निकाल पूर्ण लागला तरच. चार क्रेडिट राहिले म्हणजे निकाल अडकला. निकाल अडकला म्हणजे जागा गेली.

साहेबांची बातमी कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केली. व्हॉट्सअ‍ॅपवरून ती गडचिरोलीला गेली, तिथून चंद्रपूरला, आणि दोन दिवसांत निखतच्या कॉलेजात. काटकर सरांचा फोन आला. हेच तिचं मूल्यमापन करणारे प्राध्यापक.

"मॅडम, ते रेकॉर्डिंग मी ऐकलं."

"छान आहे ना सर?"

"छान?" सर म्हणाले. "आमच्या कॉलेजचं नाव आहे त्यात. लाइव्ह प्रसारणात निवेदिका हसते? ही व्यावसायिक शिस्त आहे का?"

"सर, श्रोत्यांना आवडलं. बोकडही सापडला."

"बोकडाला क्रेडिट द्यायचे नाहीत मला."



सरांनी मग त्यांचा निर्णय सांगितला. ते स्वतः येणार. निखतनं त्यांच्यासमोर एक पूर्ण कार्यक्रम लाइव्ह करायचा. एक विषय, एक पाहुणा. कार्यक्रमाचं न कापलेलं रेकॉर्डिंग कॉलेजच्या समितीकडे जाणार. "आणि तिला स्पष्ट सांगा," सर म्हणाले, "हसलीस तर क्रेडिट गेलं."

मी निखतला सांगितलं. तिनं मान हलवली, "हो मॅडम" म्हटलं आणि त्या ताणात तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं.

"मॅडम, मले समजते का हसाचं नाई," ती म्हणाली. "पण ते मले विचारून नाई येत. पोटातून निघते सीधं."

मग सुरू झाली तालीम.

पहिला उपाय माझा. हसू येतंय असं वाटलं की मांडीला चिमटा घ्यायचा. तिनं इतके चिमटे घेतले की ते मोजून सांगतानाच तिला हसू आलं. दुसरा उपाय, दुःखाची गोष्ट आठवायची. तिनं डोळे मिटून त्यांच्या मेलेल्या कोंबडीची आठवण काढली. दोन क्षण बरं चाललं. मग म्हणाली, "पण मॅडम, ते कोंबडी चालत कशी होती माहीत हाय का?" आणि चालून दाखवलं. स्टुडिओत उगाच तीन माणसं कोंबडीसारखी चालत होती त्या दिवशी. तिसरी मी.

आत्राम भाऊंनी तिसरा उपाय काढला. म्हणाले, हसवून हसवून हिचं हसू संपवून टाकू. दुधाचं भांडं रिकामं केलं की उतू काय जाईल? ते काचेपलीकडून तोंडं करायचे. मिशी वर, मिशी खाली, एक गाल फुगवून, कानात पेन्सिल घालून. निखत हवामान वाचायची. "गडचिरोली जिल्ह्यात आकाश निरभ्र राहील," इथपर्यंत यायची आणि 'निरभ्र'वर फुटायची. आठवडाभर आकाश काही निरभ्र झालं नाही.

हसू संपलं नाहीच. उलट ते आम्हा दोघांना लागलं. मी बँकेत रांगेत उभी असताना आत्राम भाऊंची मिशी आठवून हसले. मॅनेजरनं पाणी आणून दिलं.

काटकर सर आले तो मोहफुलांचा हंगाम होता. पहाटे अख्खं गाव टोपल्या घेऊन जंगलात. झाडाखाली फुलांचा सडा, ती वेचायची, वाळवायची, विकायची. पण मोहफुलं माणसासारखीच अस्वलालाही आवडतात. तेही पहाटेच येतं. म्हणून दरवर्षी माणसं जखमी होतात. कार्यक्रमाचा विषय आम्ही तोच घेतला होता. पाहुणे म्हणून वनखात्याचे एक अधिकारी येणार होते, बोलायला अगदी सराईत. त्यांना माइक दिला की फक्त थांबवायचं काम उरतं. निखतसाठी मी मुद्दाम तसा माणूस निवडला होता.

सकाळच्या एसटीनं निखतचे अब्बाही आले. राजुऱ्यात आमचा रेडिओ ऐकू येत नाही. लेकीला एकदा तरी रेडिओवर ऐकायचं म्हणून ते आदल्या दिवशीच निघाले होते. आत यायला मात्र तयार होईनात.

"मैं अंदर आया तो ये मेरे को देखकर हँसेगी," ते म्हणाले. "मैं चाय की टपरी पे बैठता. वहाँ रेडिओ चालू है."

मग काटकर सर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात गुणांचा तक्ता. मी त्यांना कंट्रोल रूममध्ये खुर्ची दिली.

"नाही, मी स्टुडिओतच बसेन. उमेदवाराच्या चेहऱ्यावरचे भाव मला पाहायचे आहेत."

"सर, आतला माइक सगळं पकडतो. खुर्ची वाजली तरी ऐकू जातं. म्हणून पंखासुद्धा बंद ठेवतो आम्ही."

"मी हलणारही नाही," सर म्हणाले आणि पाहुण्याच्या माइकजवळच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

तेवढ्यात अधिकाऱ्यांचा फोन आला. जंगलात वणवा लागला होता, त्यांना तिकडे जाणं भाग होतं. "मी मडावीला पाठवतो," ते म्हणाले. "त्याला जंगल माहीत आहे."

मडावी भाऊ आले. वनरक्षक. इस्त्रीचा खाकी गणवेश, टोपी हातात, चेहरा घामानं डबडबलेला. रात्रंदिवस रानात फिरणारा माणूस, पण माइककडे असा पाहत होता जसा काही तो फणा काढून बसलाय. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं आणि रिकामा ग्लास दोन्ही हातांत धरून बसले.

"भाऊ, याआधी रेडिओवर बोलले का कधी?"

"नाई बाई."

"भाषण वगैरे?"

"नाई बाई. शाळेत एकदा उभा राह्यलो होतो. बसलो मंग."

कंट्रोल रूममध्ये आत्राम भाऊ माझ्याकडे पाहून पुटपुटले, "गेली पोरगी." मी म्हटलं, "तुम्ही आज मिशी हलवाची नाई." त्यांनी काचेकडे पाठ केली आणि फेडरवर बोट ठेवलं. लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे आता तुम्ही बोलाल ते गावात.

"नमस्कार श्रोतेहो. आज आपल्यासोबत आहेत वनरक्षक मडावी भाऊ. नमस्कार भाऊ."

मडावी भाऊंनी माइकला हात जोडले. हात जोडलेले रेडिओवर दिसत नाहीत.

"भाऊ, तुमच्या बीटबद्दल सांगाल?"

"हो."

पुढे काही नाही. निखतनंच सांगून टाकलं की बीट म्हणजे एका वनरक्षकाकडे असलेला जंगलाचा तुकडा.

"मोहफुलांच्या दिवसांत अस्वलांचा वावर वाढतो का?"

"वाढते."

"त्याचं कारण काय असावं?"

"मोहफूल."

काटकर सरांनी काहीतरी लिहिलं. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, डेड एअर. म्हणजे प्रसारण चालू आहे आणि आवाज काहीच नाही. ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ बिघडला. तो दोनदा सेट ठोकतो आणि मग दुसरं स्टेशन लावतो. निखतनं कागदावर लिहिलेले सगळे प्रश्न एकेका शब्दात संपत होते. मडावी भाऊंच्या हातातला ग्लास थरथरत होता. आत्राम भाऊंचं दुसरं बोट गाण्याच्या बटणावर गेलं. मी हात वर केला. थांबा.

निखतनं कागद बाजूला सारले. ती खुर्चीत पुढे सरकली. आणि तिची पुस्तकी मराठी गेली, राजुऱ्याची आली.

"मडावी भाऊ, त्या माइककडं नका पाहू. माह्याकडं पाहा. तुम्हाले कधी अस्वल भेटलं का?"

मडावी भाऊंनी वर पाहिलं. "भेटलं ना."

"मंग काय केलं तुम्ही?"

"पळलो."

मी श्वास रोखला. निखतच्या ओठांचा कोपरा मला दिसत होता. हलला नाही.

"कुठी पळले?"

"झाडाकडं. मोठा मोहाचा झाड होता. चढलो सरसर."

"अन् अस्वल?"

"एक खाली राह्यलं."

"एक?"

"दुसरं झाडावरच होतं," मडावी भाऊ म्हणाले. "माह्या पहिलेपासून."

आत्राम भाऊंचे खांदे हलायला लागले. मी माझ्या साडीचा पदर तोंडात घातला.

"बाप्पा," निखत म्हणाली. आवाजात नुसती काळजी. "मंग?"

"मंग काय. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यलं. खाली ते दुसरं. मी त्याले म्हटलं, पहिले तू उतर बा."

"उतरलं?"

"नाई. मले वाटलं, याले मराठी समजत नसन. मंग गोंडीत म्हटलं."

"गोंडीत समजलं?"

मडावी भाऊंनी थोडा विचार केला. खरं तेच सांगायचं म्हणून आठवून पाहत होते. "समजलं वाटते," ते म्हणाले. "तोंड फिरवलं त्यानं. पण उतरलं नाई."

आणि स्टुडिओतून एक आवाज आला.

आधी वाटलं खुर्ची मोडली. मग वाटलं कोणाला ठसका लागला. मी काचेतून पाहिलं. काटकर सर गुणांचा तक्ता तोंडावर दाबून बसले होते. तक्ता थरथरत होता. चष्मा कपाळावर गेला होता. त्यांनी एकदा श्वास घेतला, सावरले, मडावी भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग जे काही इतक्या वर्षांच्या शिस्तीखाली दाबलेलं असेल ते सगळं बाहेर आलं. पाहुण्याच्या माइकपासून हातभर अंतरावर. लाइव्ह.

मडावी भाऊ दचकले. ओशाळून टोपी चाचपायला लागले. आता हा माणूस पुन्हा मिटणार, मला वाटलं. आत्राम भाऊंना फेडर ओढता येईना, कारण तो ओढला तर मडावी भाऊही बंद.

निखत शांतपणे म्हणाली, "श्रोतेहो, आज स्टुडिओत आपले एक पाहुणे चंद्रपूरवरून आलेले आहेत. मडावी भाऊंची गोष्ट त्यांना फारच आवडलेली दिसते. भाऊ, तुम्ही सांगा. मी आयकून राह्यली. उतरले कसे मंग?"

मडावी भाऊंनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ते खुर्चीत नीट बसले.

"उतरलो नाई. फांदी मोडली. मी पडलो तो खालच्या अस्वलाच्या बाजूलेच. ते माह्यापेक्षा जास्त भ्यालं. पळालं नाल्याकडं. वरचं बी उतरून त्याच्या मागं गेलं. माहा पाय मोडला."

काटकर सरांचा हुंदका निघाला. हसण्याचाच.

मग मडावी भाऊंचा आवाज बदलला. आता त्यांना माइकची भीती राहिलेली नव्हती. "आता हासाले बरं वाटते," ते म्हणाले. "मी वाचलो. पण आमच्या बाजूच्या गावातल्या एका बाईले अस्वलानं पहाटे धरलं. एकटीच गेली होती. अजून तिचा हात उठत नाई. म्हून सांगतो."

सरांनी तक्ता खाली ठेवला.

"सांगा भाऊ," निखत म्हणाली. "मोहफूल वेचाले जाणाऱ्या बाया आयकून राह्यल्या तुमचं."

"अंधारात जाऊ नका. एकटे जाऊ नका. बोलत जा, गाणे म्हणत जा, डबा वाजवत जा. त्याले आवाज आला का ते स्वतःच बाजूले होते. अचानक समोर गेलं का भिते, अन् भ्यालं का मारते. पिल्लू दिसलं तर पाय मागं घ्या. अन् झाडावर चढू नका. मी वनरक्षक असून चढलो, ते चुकलं. अस्वल आपल्याहून चांगलं चढते."

"गोंडीतही सांगाल?"

मडावी भाऊंनी सगळं गोंडीत सांगितलं. मराठीपेक्षा लांब आणि बहुतेक जास्त चांगलं, कारण आत्राम भाऊ मान डोलवत ऐकत होते. निखतनं आभार मानले, पुढच्या कार्यक्रमाची वेळ सांगितली, एकही शब्द अडखळला नाही. लाल दिवा विझला.

ती उठली. टेबलाचा आधार घेत मडावी भाऊंना नमस्कार केला, "मी आलेच" म्हणाली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मग हापशी सुरू झाली. भिंतीपलीकडून तिचं हसू येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. आणि तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं अगदी तसंच दुसरं हसू आलं. आधी हवा, मग कुरकुर, मग पाणी. निखतचे अब्बा टपरीवरून येत होते. चालताही येत नव्हतं त्यांना. आत्राम भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे घराण्याचं दुखणं हाय," ते म्हणाले. "आपण उगाच औषध करून राह्यलो होतो."

काटकर सर कंट्रोल रूममध्ये आले. चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसला.

"मॅडम, ते रेकॉर्डिंग."

"हो सर. न कापलेलं. समितीला पाठवायचं ना?"

"त्यात माझा आवाज कितपत आलाय?"

आत्राम भाऊंनी न विचारताच ऐकवलं. सर खाली बसले.

"थोडं एडिट करता आलं असतं तर..."

"करता येईल सर," मी म्हटलं. "पण मग ते न कापलेलं राहणार नाही. तुमचाच नियम."

दारात निखत उभी होती, डोळे लाल, शेजारी अब्बा. सरांनी तिला विचारलं, "तू हसली कशी नाहीस? मला खरंच कळत नाहीये. माझ्याच्यानं राहवलं नाही."

निखत थोडी लाजली. "सर, हसू तर पोटात होतंच. पण मडावी भाऊंचा हात थरथरून राह्यला होता. मी हसली असती तर त्यांना वाटलं असतं का मी त्यांनाच हसून राह्यली. मंग ते बोललेच नसते. मले त्या झाडाची गोष्ट संपूर्ण ऐकाची होती."

सर उभे राहिले, मडावी भाऊ बाहेर चहा घेत होते तिथे गेले आणि म्हणाले, "भाऊ, मी तुम्हाला हसलो नाही. त्या अस्वलाला हसलो."

"समजलं मले," मडावी भाऊ म्हणाले. "घरची बी तिथीच हासते. तोंड फिरवलं म्हटलं का."

अब्बांनी सरांचा हात हातात घेतला. "मास्टरजी, टपरी पे सब पूछ रहे थे, ये कौन साहब हँस रहे हैं. मैंने बोला, मेरी बेटी के सर हैं. बहुत खुशमिजाज आदमी हैं."

मला वाटतं, हे असं काटकर सरांना आयुष्यात प्रथमच कोणी म्हटलं असेल. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रेकॉर्डिंग न कापता गेलं. सरांनी स्वतः समितीपुढे बसून ते वाजवलं असं पुढे निखतकडून कळलं. समितीतल्या कोणी काय केलं ते मला माहीत नाही, पण कार्यालयातल्या लोकांनी म्हणे दार उघडून पाहिलं की आत काय चाललंय. सरांनी शेऱ्यात लिहिलं होतं: 'प्रसारणात अनपेक्षित व्यत्यय आला असता उमेदवारानं तो कौशल्यानं हाताळला.' व्यत्यय कोणाचा हे लिहिलेलं नव्हतं.

चार क्रेडिट मिळाले. निखत नागपूरला गेली. तिथे ती रेडिओवरच काम शिकते आहे आणि तिचे शिक्षक तिच्या हसण्याचं काय करायचं ते शोधतायत. मी त्यांना काही कळवलेलं नाही.

त्या हंगामात एका गावातल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, आता आम्ही सात-आठ जणी मिळून जातो, उजाडल्यावर, बोलत बोलत. मी विचारलं, बोलता काय एवढं? "काय म्हंजे?" त्या म्हणाल्या. "मडावीचंच. तोंड फिरवलं म्हणेपर्यंत जंगलाच्या पार पोचतो आम्ही. अस्वलाची काय हिंमत."

इतक्या वर्षांत मी जागृतीचे कितीतरी कार्यक्रम केले. तज्ज्ञ आणले, घोषवाक्यं लिहिली, पत्रकं वाचली. लोकांनी ऐकलं आणि विसरले. हा एक मात्र ते स्वतःच एकमेकांना सांगत फिरत होते.

या वर्षी त्याच कॉलेजची दुसरी इंटर्न आली आहे. मुलगी गंभीर आहे, आत्राम भाऊ तिच्यावर मिशीचे प्रयोग करतायत. तिच्यासोबत मूल्यमापनाच्या सूचनांचं पत्रक आलं. जुन्या सगळ्या सूचना तशाच आहेत. शेवटी एक नवीन आहे, आणि ती काटकर सरांनीच घातलेली आहे असं मला खात्रीनं वाटतं. 'थेट प्रसारणाच्या वेळी परीक्षकांनी स्टुडिओच्या बाहेर बसावे.'